अकरा किलोमीटर

आज आपल्याला एका नव्या कोऱ्या गाडीत बसायचं आहे, आणि बराच वेळ ती सुरू करायची नाही.

अट एवढी एकच. गाडी केवढ्याला पडली, ॲव्हरेज काय देते, हप्ता किती बसतो, हे प्रश्न दाराबाहेर चपलांजवळ काढून ठेवा. जाताना तिथेच सापडतील. पाठ टेकून बसा. हात मोकळे असू द्या. श्वासाचं वेगळं काही करायला नको. चाललाय तसा चालू दे.

गाव झिंडेलफिंगेन. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, श्टुटगार्टच्या शेजारी. डाइमलर कंपनीने इथे १९१५ साली कारखाना काढला तो विमानांसाठी, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना. मोटारी नंतर आल्या आणि राहिल्या. आज मर्सिडीजच्या एस-क्लास आणि ई-क्लास इथे तयार होतात. ज्याला हौस आहे तो शोरूमच्या वाटेला न जाता थेट इथे येतो आणि कारखान्याच्या दारातून आपली गाडी चालवत घरी नेतो.

माझी भाची त्या भागात दहा वर्षं राहते. आधी चाकणला नोकरी, संध्याकाळी मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे वर्ग, मग बोब्लिंगेन. ही वाट आता इतकी मळली आहे की तिथल्या लोकलमध्ये ‘अगं, ऐक ना’ कानावर पडलं तरी तिला त्याचं नवल वाटत नाही. तिने ई-क्लास घेतली तेव्हा मी तिच्याकडे मुक्कामाला होतो, म्हणून त्या सकाळी तिच्याबरोबर गेलो. पण आज ड्रायव्हरच्या जागी तुम्ही बसा. मी मागे बसतो. फारसं बोलणार नाही म्हणतो खरा, पण भाचीला विचारलंत तर ती हसेल.

आधी थांबायचं आहे.

ग्राहकांच्या इमारतीत प्रशस्त बैठक आहे, कॉफी आहे, खाणंपिणं आहे. आपल्या आधी आलेली माणसं बघा. एक आजी-आजोबा, दोघंही लग्नाला निघाल्यासारखे कडक इस्त्रीत. एक तरुण बाप. त्याच्या कडेवरचं पोर काचेला तोंड लावून ती ओली करतंय. कोणी मोठ्याने बोलत नाही. पहिला वर्ग मिळणार हे पक्कं ठाऊक असलेली मुलं निकालाच्या दिवशी शाळेत बसायची, तसे सगळे बसले आहेत.

माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी दुसरीत होतो. स्कूटर दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटायला लागलं होतं. ती जिथे बनायची तो कारखाना आमच्या घरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर. तेवढं अंतर यायला तिला आठ वर्षं लागली. परवाना राज होतं. वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे दिल्लीत ठरायचं. त्या आठ वर्षांत वडिलांनी स्कूटर मनातल्या मनात इतक्या वेळा चालवली होती, की खरी आली त्या दिवशी ते चालवायला गेलेच नाहीत. नुसते तिच्यापाशी उभे राहिले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी आरसा पुसला. आरसा स्वच्छच होता.

तुमच्या घरातही असं कोणीतरी उभं राहिलं असेल. सायकलपाशी, शिलाई मशिनपाशी, पहिल्या फ्रीजपाशी. ती वस्तू आठवा. तिच्या आवाजापेक्षा वास लवकर सापडेल. नव्या फ्रीजच्या दाराच्या रबराला एक वास असायचा. तो येईपर्यंत थांबा. पुढचा परिच्छेद कुठे पळून जात नाही.

आता कारखाना.

फोटो काढायचे नाहीत, त्यामुळे डोळ्यांना बरंच काम पडतं. आधी पत्रा. मग वेल्डिंगचे रोबो, पिंजऱ्यांच्या आत, ठिणग्या उडवत. इथे फार रेंगाळू नका. रोबो बघून सगळेच तोंडात बोट घालतात आणि बाहेर पडल्यावर त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कोणापाशी काही नसतं. मला ते सगळे एकाच आईची मुलं वाटले. पुढे चला.

रंग होऊन आलेल्या सांगाड्यापाशी थांबा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या दिव्यांच्या उभ्या रांगा आहेत. हातात सुती मोजे घातलेली एक बाई दारावरून, बॉनेटवरून तळहात फिरवते आहे. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण तिच्या हाताला लागतो. बोटात अंगठी नाही, मनगटात घड्याळ नाही, पट्ट्याचं बक्कल कापडाखाली झाकलेलं. रंगावर ओरखडा नको म्हणून. ती गाडीकडे बघत नव्हती. नजर समोर कुठेतरी, आणि सगळं ध्यान तळव्यात. आमची आजी तांदूळ निवडताना अशीच खिडकीबाहेर बघायची.

तुमचा उजवा तळहात समोरच्या एखाद्या गुळगुळीत वस्तूवरून फिरवा. टेबल असेल, स्टीलचा डबा असेल. सावकाश. डोळे दुसरीकडे ठेवा. हाताला काय काय कळतं ते बघा.

रंग झाला की गाडीची दारं काढून घेतात. ती वेगळ्या वाटेने जातात, तिकडे त्यांना काचा, स्पीकर, तारा बसतात. इकडे सांगाड्याच्या उघड्या कुशीतून माणसं आतबाहेर करत डॅशबोर्ड आणि सीटा बसवतात. शेवटी तीच दारं त्याच सांगाड्यापाशी परत येतात. शेकडो दारांमधून नेमकी आपली.

आणि मग ती जागा येते. वरून सांगाडा खाली उतरतो. खालून इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल एका चौकटीवर मांडून वर येतात. मधे फूटभर हवा उरते. क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटतं. मग ते भेटतात आणि बोल्ट आवळले जातात. जर्मन कामगारांत या जागेला ‘होखत्साइट’ म्हणतात, म्हणजे लग्न. हे भाचीने मला कानात सांगितलं आणि मी लगेच म्हणालो, मग ती फूटभर हवा म्हणजे अंतरपाट. तिने ते आमच्या गाइडला जर्मनमध्ये समजावून सांगायला घेतलं. अंतरपाटाला शब्द सापडेना. शेवटी तिने ओढणी आडवी धरून दाखवली, तेव्हा त्याला कळलं, आणि पुढच्या तुकडीला तो हे सांगणार असं म्हणाला.

तर, किल्ली मिळाली आहे. सह्या झाल्या, नंबरप्लेट लागली. बोब्लिंगेन जिल्ह्याच्या गाड्यांना सुरुवातीला ‘बीबी’ असतं, पुढची अक्षरं आपल्या पसंतीची घेता येतात. भाचीने एम आणि एच घेतली. आकडा सांगत नाही. गाडी हस्तांतर करणाऱ्या माणसाने अर्धा तास सगळी बटणं समजावली. त्याचे आजोबा तुर्कस्तानातून इथे कामाला आलेले. पश्चिम जर्मनीने कामगारांसाठी इटलीशी १९५५ साली करार केला, तुर्कस्तानशी १९६१ साली, त्या लाटेतले. आजोबा लाइनवर होते, नातू किल्ल्या देतो. त्याने दार उघडून धरलं, तुम्ही बसलात, आणि दार लावून तो बाजूला झाला.

दार लागल्याचा आवाज ऐकलात? जड आणि बुटका. त्यानंतर आत जी शांतता होते तिच्यात एकदोन मिनिटं काढा.

समोर स्टीअरिंग आहे. मधोमध चांदणी, तीन टोकांची. तिच्याकडे बघा, पण ती कुठे पहिल्यांदा पाहिली ते आठवा. शोरूममध्ये नव्हे. माझ्या वयाच्या माणसाला ती ट्रकच्या तोंडावर भेटली. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझबरोबर करार केला आणि टाटाचे ट्रक पंधरा वर्षं ही चांदणी मिरवत देशभर धावले. १९६९ साली करार संपला आणि चांदणी गेली, पण ट्रक थोडेच जातात! पुढे कितीतरी वर्षं ते गूळ, कांदा, सिमेंट वाहत राहिले. खंबाटकी घाटात एसटीच्या खिडकीतून मी ती चांदणी डिझेलच्या काळ्या काजळीत पाहिली आहे, खाली लिंबू-मिरची लटकलेली. ही श्रीमंतांची खूण आहे हे मला खूप उशिरा कळलं. तोवर मी तिला कष्टाची खूण समजत होतो.

१९९४ साली मर्सिडीज मोटारी घेऊन पुण्यात आली, २००९ पासून चाकणला तिचा स्वतःचा कारखाना आहे. तिथे किल्ली मिळते ती शोरूममध्ये: गाडीवर कापड घातलेलं, घरच्यांनी ते ओढायचं, केक कापायचा, फोटो. वाईट काही नाही त्यात. पण कापड ओढल्यावर गाडी अशी प्रकट होते की जणू ती कधी बनलीच नव्हती, आत्ता झाली. मला ते पटत नाही.

आता एक करा. ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबा. इंजिन चालू होणार नाही. फक्त समोरचा पडदा उजळेल. खालच्या कोपऱ्यात गाडीचं रनिंग दिसेल.

११.

भाचीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “मामा, नवीन गाडी आणि अकरा किलोमीटर कशी काय चाललीय?” तक्रार नव्हती, मीटरकडे आधी बघायची सवय. चाकणला तिने पीडीआयच्या, म्हणजे गाडी ग्राहकाला देण्याआधी तपासायच्या खात्यात काम केलं आहे, तिला उत्तर माहीत होतं. पण गाडी आपली झाली की माणूस माहीत असलेलंही विसरतो.

या अकरा किलोमीटरांपाशी आपल्याला बसायचं आहे. बाकी सगळं इथवर यायला होतं.

हे तुम्ही चालवलेले नाहीत. लाइनच्या शेवटी कोणीतरी पहिल्यांदा आत बसलं आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उतरवली. तो क्षण त्याच्यासाठी दिवसातला कितवा असेल! रोलरवर चाकं फिरवली, ब्रेक दाबून पाहिले. पाण्याच्या फवाऱ्यांखाली उभी केली, कुठे थेंब आत येतो का बघितलं. खडबडीत पट्ट्यावरून नेऊन कान देऊन ऐकलं, काही खुळखुळतंय का. मग आवारात इकडून तिकडे. शेवटी कोणीतरी तिला धुऊन पुसून तुमच्यासाठी आणून लावली. त्या माणसाने सीट स्वतःच्या उंचीप्रमाणे पुढेमागे केली असणार. तुम्ही बसायच्या आधी ती पुन्हा मागे घेतली.

एकेका माणसाला मनात आत बसू द्या आणि उतरू द्या. चेहरा नाही दिसला तरी चालेल. हात दिसले तर पुरे.

याच्याही मागे जाता येतं. कारखान्याच्या आवाराजवळच्या मोकळ्या जागेवर १० सप्टेंबर १९५९ रोजी मर्सिडीजच्या अभियंत्यांनी एक गाडी मुद्दाम अडथळ्यावर नेऊन आदळली, आत पुतळा बसवून. त्यांची ही पहिली अपघात-चाचणी. पुढे काही वर्षांनी गाड्या ढकलायला त्यांनी उकळत्या पाण्याच्या वाफेवर चालणारं रॉकेट मागे बांधलं. हे ऐकून मला वाटलं होतं कोणी थट्टा करतंय, पण तसं खरंच होतं. बेला बारेनी नावाचा अभियंता इथे होता. गाडी सगळीकडून सारखीच मजबूत असावी हा तेव्हाचा समज त्याने उलटा केला. पुढचा आणि मागचा भाग चुरगळू दे, म्हणजे मधल्या पिंजऱ्यातली माणसं वाचतील, ही त्याची कल्पना, आणि त्याच १९५९ मध्ये ती रस्त्यावरच्या गाडीत आली. तुमच्या गुडघ्यांच्या पुढे, बॉनेटखाली जे आहे ते वेळ आली तर मोडण्यासाठीच घडवलेलं आहे. ज्या गाड्यांनी ते शिकवलं त्यांना ना प्लेट मिळाली, ना घर.

आणखी मागे. इथे जरा सावरून बसा.

१९४४ साली डाइमलर-बेंझच्या सगळ्या कारखान्यांत मिळून ६३,६१० माणसं होती. त्यातली जवळजवळ निम्मी वेठबिगार: जिंकलेल्या मुलखांतून पकडून आणलेले स्त्री-पुरुष, युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी. हा आकडा कंपनी स्वतःच्या इतिहासात स्वतः देते. झिंडेलफिंगेनचा कारखाना बाँबहल्ल्यांत मोडला आणि युद्धानंतर पुन्हा उभा राहिला. वेठबिगारांसाठी भरपाईचा निधी जर्मन सरकारने आणि उद्योगांनी मिळून २००० साली उभारला. तोवर त्यांतली बरीचशी माणसं हयात नव्हती.

या माणसांना आत बसा म्हणता येत नाही. मीही प्रयत्न केला नाही. मागच्या सीटवर थोडा सरकून बसलो, एवढंच. तुम्हीही काही करू नका. पडद्यावरचा आकडा तसाच आहे. त्याच्याकडे बघत राहा, आणि मन दुसरीकडे गेलं तर जाऊ द्या. परत येईल तेव्हा आकडा तिथेच असेल.

बराच वेळ गेला. बाहेर तो तुर्की आजोबांचा नातू अदबीने दुसरीकडे बघतो आहे.

निघण्याआधी एकीची आठवण काढू, कारण कारखान्यातून गाडी काढून थेट लांबच्या रस्त्याला लावणारी ती पहिली. १८८८ चा ऑगस्ट, मानहाइम. कार्ल बेंझच्या तीनचाकी मोटारीचं पेटंट होऊन अडीच वर्षं झालेली, आणि विकत घ्यायला कोणी धजत नव्हतं. त्याची बायको बेर्टा भल्या पहाटे दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढते आणि माहेरी, फोर्त्सहाइमला निघते. शंभरेक किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन, तार उघडी पडली तेव्हा मोज्याचा बंद. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानात जाऊन लिग्रोइन घेतलं, जे लोक कपड्यांवरचे डाग काढायला वापरत. ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. तिला कोणी किल्ली दिली नव्हती, बटणं समजावली नव्हती. पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. त्या तारेतल्या शब्दांपेक्षा मला नेहमी तिच्या आईचा चेहरा बघावासा वाटतो, दारात लेक उभी आणि मागे ते धुरकट यंत्र.

आता ब्रेकवर पाय. बटण. आवाज जवळजवळ होतच नाही, त्याची सवय करून घ्या. हळूच बाहेरच्या वाहनतळापर्यंत. तिथे पुन्हा थांबायचं आहे, कारण लिंबू राहिलं.

नारळाचा बेत भाचीने घरच्या अंगणासाठी ठेवला होता. लिंबू मात्र पर्समध्ये. आपलं कागदी लिंबू नव्हे. तिकडच्या बाजारातलं पिवळंजर्द, मुठीएवढं, जाड सालीचं. तिने आधी त्या माणसाला विचारलं. आत हॉलमध्ये नको, बाहेर चालेल, असं म्हणून तो स्वतःच आमच्याबरोबर आला. पुढच्या डाव्या चाकाखाली लिंबू ठेवलं. त्याचं लक्ष टायरकडे नव्हतं, जमिनीकडे होतं. हा श्वाबेन प्रांत आहे, इथे इमारतीतला जिना झाडायची आठवड्याची पाळी दारावर पाटी लावून ठरते. गाडी तसूतसूने पुढे गेली. फच्च असा आवाज झाला, रस उडाला, आणि जर्मन सकाळीत एकदम आपल्या रसवंतीचा वास आला. त्याने खिशातून कागदी रुमाल काढला, खाली बसून चपटं झालेलं लिंबू उचललं, रस टिपला, आणि हातात ते धरून अगदी गंभीरपणे भाचीला विचारलं, हे ओल्या कचऱ्यात टाकू, की देवाचं आहे?

भाची दोन क्षण गप्प झाली. मग म्हणाली, ओल्या कचऱ्यात. देवाचं काम झालंय.

फाटकातून बाहेर. डावीकडचं स्टीअरिंग, उजवीकडचा रस्ता. ही गाडी खंबाटकी कधी बघणार नाही. वेग कमीच ठेवा. गावाच्या मध्यभागी जायचं आहे, तिथे एक बघण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकात या गावाकडे कारखान्याच्या करातून इतका पैसा आला, की नगरपालिकेने पादचाऱ्यांच्या झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे रंगवायच्या ऐवजी संगमरवराचे बसवले. कारारा इथला इटालियन संगमरवर, ज्यातून मायकेलअँजेलोने पुतळे काढले. जर्मनीभर त्याची टिंगल झाली. मला ती टिंगल मान्य आहे, आणि पट्टे सुंदर आहेत हेही.

क्रॉसिंग आलं. कडेला एक म्हातारी उभी आहे, हातात चाकांची पिशवी, पिशवीतून कांद्याच्या पातीसारखं काही डोकावतंय. थांबा. तिला घाई नाही. पिशवीची चाकं डांबरावर खडखडतात, संगमरवरावर गप्प होतात, पुन्हा डांबर, पुन्हा गप्प.

मागच्या सीटवरून मी पडद्याकडे बघतो. आकडा आत्ताच बदलला आहे.

“मामा,” भाची म्हणते, “वाचू नकोस हं मोठ्याने.”

“का गं?”

“गाडीचे बारा वाजले म्हणशील.”

म्हातारी पलीकडच्या पदपथावर चढते, वळते आणि हात वर करते.